खानमला तीनदा विचारावं लागे

खानमला काहीही द्यायचं झालं तर तीनदा द्यावं लागे. मग तो पाण्याचा ग्लास असो, बसायला खुर्ची असो, नाहीतर माझ्या डब्यातलं अर्धं थालीपीठ असो. पहिल्यांदा विचारलं की ती मान हलवून नाही म्हणायची. दुसऱ्यांदा विचारलं की छातीवर हात ठेवून, जराशी वाकून, आणखी गोड आवाजात नाही म्हणायची. तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट्याने घ्यायची आणि शेवटच्या कणापर्यंत खायची. हे माझ्या डोक्यात शिरायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे ती पोर रोज दुपारी उपाशी राहिली.

कुवेतमध्ये फहाहीलच्या बाजारामागे एक खाजगी पॉलिक्लिनिक आहे, तिथे मी एकोणीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. पदाचं नाव लॅब टेक्निशियन. लग्न होऊन नाशिकहून आले तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं, पण ते इथे सगळ्यांचंच ठरलेलं असतं. माझ्या लॅबच्या समोरचं दार दातांच्या डॉक्टरांचं. तिथे मदतनीस म्हणून ही इराणी मुलगी लागली. सव्वीस वर्षांची, उंच, नाकावर मोठा चष्मा, आणि बुटांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा जपून टेकवत चालणारी. खानम म्हणजे त्यांच्याकडे बाई. रिसेप्शनवरच्या मुलीने चिडवायला हाक मारली आणि तेच नाव चिकटलं. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, कारण ते आजही कुठल्यातरी यादीत असणार. तिचा जन्म कुवेतचाच. बाप इथे जन्मभर तंदूरवर रोट्या भाजून इथेच गेला, त्यामुळे हिंदी तिने दुकानांतून आणि शेजाऱ्यांकडून उचललेली. माझ्याशी ती हिंदीतच बोलायची, मी ते मराठीत सांगते आहे एवढंच.

"तुम्ही एकदा विचारता आणि डबा बंद करता," ती एक दिवस धीर करून म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला द्यायचंच नाहीये."

"अगं, पण तू नाही म्हणालीस ना?"

"नाही तर म्हणायचंच असतं. पहिलं विचारणं जिभेचं असतं, दुसरं रीतीचं. तिसऱ्यांदा कोण विचारतं ते बघायचं."

याला ते लोक तारोफ म्हणतात. मी तिला म्हटलं, यात मोठं काय, आमच्याकडेही पंगतीत जिलबीचा आग्रह करतात. फक्त तुम्ही तिसऱ्यांदा विचारेपर्यंत आमच्याकडे ती ताटात पडलेली असते. ती खूप हसली. हसताना ती तोंडावर हात धरायची, दातांचं शिकलेली असूनही. त्या दिवसापासून मी मोठ्याने मोजून विचारू लागले. "एक, खातेस का? दोन, खातेस का? तीन, घे मुकाट्याने." मग ती मला खाला म्हणू लागली. खाला म्हणजे मावशी हे कळल्यावर मी तिला आमचा शब्द शिकवला आणि तिने त्याला आपली शेपटी जोडली. एकोणीस वर्षांत या देशात मला कोणी मावशीजान म्हटलं नव्हतं, म्हणून सांगते, मला ते फार आवडायचं.

बाप गेल्यावर ती आपल्या मामाकडे राहायची. मामाची रोटीची दुकानगाळ्याएवढी भट्टी, आणि वर एक खोली. मी जवळच्याच एगैला वस्तीत राहते, घरी जाताना वाट वाकडी करून तिथून रोट्या घ्यायचे. मामाही त्याच रीतीतला. रोट्या हातात ठेवल्या की म्हणायचा, "एक गरम आणखी घ्या, माझ्याकडून." मी नको म्हणायचे. तो पुन्हा म्हणायचा, मी पुन्हा नको म्हणायचे, तिसऱ्यांदा म्हणाला की घ्यायचे. खानम मागे उभी राहून माझी परीक्षा घेतल्यासारखी बघायची आणि मी बरोबर तिसऱ्याला हात पुढे केला की मान डोलवायची. आमचा चिन्मय गाडीत बसून हे बघायचा आणि म्हणायचा, "मम्मी, जस्ट टेक द ब्रेड."

क्लिनिकमध्ये तिला आणखी एक नाव होतं. ॲटमबॉम्ब. डॉक्टरांनी ते ठेवलं आणि ते कॉरिडॉरमधून ओरडून हाक मारायचे, "ॲटमबॉम्बला पाठवा." पेशंट हसायचे. फार्मसीवाला तिच्या हातात पाकीट देताना कानावर हात ठेवायचा. मीही हसले आहे, दोनदा तर त्या नावाने हाकही मारली आहे, उगाच आता साळसूदपणा कशाला. एकदा मी तिला विचारलं, तुला राग नाही येत? ती चष्मा पुसत म्हणाली, "खरंच बॉम्ब असते तर घाबरून का होईना, लोक नीट बोलले असते." मग चष्मा घालून ती आत निघून गेली.

तिचे हात मात्र बघण्यासारखे होते. डॉक्टर मागायच्या आधी अवजार त्यांच्या तळव्यात असायचं. एकदा एका बाईची दाढ काढायची होती. डॉक्टर गप्पा मारत सुई घेऊन भलत्याच बाजूला वळले. खानमने काही न बोलता एक्स-रेची फिल्म उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि दाढेवर बोट ठेवलं. ते चूक सुधारून कामाला लागले, पण पेशंट गेल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असे गरजले, "तू डॉक्टर आहेस का?" ती म्हणाली, "नाही सर. चौथ्या वर्षाला काढलेली आहे." त्यांना तो टोमणा वाटला आणि त्या महिन्यात तिच्या दोन शुक्रवारच्या सुट्ट्या गेल्या.

चौथ्या वर्षाला का काढलं ते तिने मला एकदाच सांगितलं, माझ्या लॅबमध्ये, रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवायला मदत करता करता. दातांचं शिकायला ती इराणात शिराझला आई-भावाकडे गेली होती, तिथल्या कॉलेजात जेवणघरात मुलगे आणि मुली यांच्यामध्ये पडदा होता. देशभर पोरं रस्त्यावर उतरली होती त्या दिवसांत यांच्या वर्गाने ठरवलं की आपण एकत्र जेवायचं. "सिनेमासारखं काही केलं नाही, मावशीजान. पडदा काढला. फाडला नाही. चौघींनी चार टोकं धरून नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. मग भात खाल्ला." घडी घालणाऱ्या चौघींचे फोटो कोणीतरी काढले होते. चौथं वर्ष संपायला काही महिने उरलेले असताना चौघींना काढून टाकलं. तिच्या खोलीतली मैत्रीण त्यानंतर रस्त्यावरच्या मोर्चात गेली आणि छर्रा लागून तिचा एक डोळा गेला. "तिने डोळा दिला, मी नुसती डिग्री दिली," खानम म्हणाली. "मी फार स्वस्तात सुटले."

मी कॉलेजात असताना फी वाढली म्हणून एकदा तास बुडवला होता, आणि तोही पिक्चरला जायला. मी तिच्या हातातली नळी घेऊन म्हटलं, "नाव उलटं चिकटवलंस." तिने ते काढून सुलटं लावलं.

तिच्या पर्समध्ये एक राखाडी रुमाल असायचा, डोक्यावर घ्यायचा, चौकोनी घडी घातलेला. कुवेतमध्ये तिला तो कोणी घालायला सांगत नव्हतं आणि ती घालतही नव्हती. मग बाळगतेस कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "परत जायचं झालं तर विमानात लागेल." परत कशाला जातेस, असं मी म्हटलं आणि तिने पर्सची चेन लावली.

संध्याकाळी कधी आम्ही फहाहीलच्या किनाऱ्यावर बसायचो. ती हात लांब करून दाखवायची, "त्या तिकडे आमचं." दिसायचं काहीच नाही, तेलाची जहाजं तेवढी. तिकडून इकडे यायला माशाला परवानगी लागत नाही, असं काहीतरी मी बोलले असेन, कारण ती म्हणाली, "माशाला पासपोर्ट नाही हे त्याचं नशीब. आमच्याकडे आहे, म्हणून तर लोक आम्हाला रांगेतून बाजूला काढतात. घरातले मारतात म्हणून पळावं, तर बाहेरचे म्हणतात तुम्ही मारणाऱ्यांचेच." हे ती रडून नाही म्हणाली. दात दुखतो कुठे हे पेशंट सांगतो, तसं सांगितलं.

बाहेर जाऊन डिग्री पुरी करायचा तिचा ध्यास होता. एक परीक्षा होती, तिचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता, म्हणून मी तिला घरी घेऊन गेले. चिन्मय अशा फॉर्मांत तरबेज. त्याने नाव भरलं, जन्मतारीख भरली आणि देशांची यादी उघडली. यादी वरून खाली गेली आणि पुन्हा वर आली. इंडोनेशियाच्या खाली थेट इराक होतं. मध्ये एक देश असायला हवा होता, तो नव्हताच. चिन्मयला वाटलं स्क्रीन अडकला, त्याने पान पुन्हा उघडलं. तरी नाही.

"जस्ट सिलेक्ट इंडिया," चिन्मय म्हणाला. "हू विल चेक?"

"नको," खानम म्हणाली. "आमच्याकडच्यांनी मला काढलं, पण मी कुठली ते मला खोटं नाही सांगता येत."

मी साबुदाण्याची खिचडी केली होती. पहिल्यांदा विचारलं, नको. दुसऱ्यांदा विचारलं, नको. आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "नको म्हणतेय तर कशाला मागे लागतेस तिच्या?" मी तिसऱ्यांदा विचारलं आणि तिने बशीभर खाल्ली. बघा, असं मी ह्यांना डोळ्यांनीच म्हटलं. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता, जणू परीक्षा मीच पास झाले होते.

चिन्मयने मग हट्टाने शोधून शोधून युरोपातलं एक कॉलेज काढलं. तिथे असे काढून टाकलेले विद्यार्थी घेत होते. त्यांचा अर्ज कागदावर होता, देश हाताने लिहायचा होता. खानमने तो इतक्या सुंदर अक्षरात लिहिला की चिन्मयने फोटो काढून ठेवला. तिला आपला ईमेल कोणी वाचत असेल अशी धास्ती होती, म्हणून उत्तरासाठी पत्ता चिन्मयचा दिला. कॉलेजने कळवलं, प्रवेश मिळण्यासारखा आहे, तुमचा पासपोर्ट संपत आला असला तरी आम्ही व्यवस्था करू, पण व्हिसाचं उत्तर यायला दीड महिना लागेल.

तो दीड महिनाच तिच्याकडे नव्हता. तिचा इकामा, म्हणजे इथे राहायची परवानगी, संपत आला होता. तो वाढवायचा तर पासपोर्टची मुदत भरपूर शिल्लक हवी, आणि हिच्या पासपोर्टला चारच महिने उरलेले. नवा पासपोर्ट हवा तर आपल्या देशाच्या वकिलातीत खिडकीसमोर जाऊन उभं राहायचं. तिथे कदाचित तिला कोणी काही विचारलंही नसतं. पण तिची हिंमत झाली नाही. दोनदा ती टॅक्सीत बसली आणि दोनदा अर्ध्या वाटेवर उतरून परत आली. इकामा संपणार म्हटल्यावर क्लिनिकने नोकरी संपल्याचं पत्र दिलं. डॉक्टरांनी मात्र निरोपाला केक मागवला, आणि त्यावर क्रीमने काळा गोल बॉम्ब काढून घेतला होता, वात पेटलेला. सगळे हसले. खानमने तो केक कापला आणि एकेकाला स्वतः नेऊन दिला. डॉक्टर डाएटवर होते. त्यांना तिने तीनदा विचारलं.

मामाने तिला दहा दिवस दिले. भट्टीवर तो आणि आणखी दोघे काम करायचे, कागद नसलेली पोरगी वरच्या खोलीत सापडली तर तिघांचीही भाकरी जाणार होती. तो वाईट माणूस नव्हता. तो घाबरलेला होता. तिच्या भावाचे शिराझहून फोन येऊ लागले, की गुपचूप ये, एक माफीचा कागद लिहून दे, आई रोज दाराकडे बघत बसते. इथे पकडली गेली तर पोलिसांच्या बंदोबस्तात तिकडे सोपवतील, त्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं, असं भाऊच म्हणाला. तिला हवं होतं ते एवढंच. दीड महिना डोक्यावर छप्पर आणि तोंड बंद ठेवणारं एक घर.

आमच्या घरात तीन खोल्या आहेत. एक खोली पाहुण्यांची, तिच्यात इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. मी ह्यांना सांगितलं. हे टीव्ही बंद करून म्हणाले, "चिन्मयची बारावी आहे." बस्स, एवढंच. आणि त्यात चूक काय होतं? परवानगी संपलेला माणूस घरात ठेवला तर आपल्यालाही उचलून विमानात बसवतील, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. ह्यांची तेल कंपनीतली बावीस वर्षं, माझी एकोणीस, पोराची बोर्डाची परीक्षा. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे वॉचमन, कोणाच्या दाराबाहेर किती चपला आहेत तेही सांगू शकतो. मी सगळं समजून उमजून मनाशी ठरवलं. तिला विचारायचं. न विचारता सोडली असं व्हायला नको. पण दोनदा विचारायचं.

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. चूक झाली, सुचलं नाही, गडबडीत राहिलं, यातलं काही नव्हतं. मी घरातून निघताना आकडा ठरवून निघाले होते.

दुपारी ती शेवटचा पगार घ्यायला आली आणि माझ्या लॅबमध्ये डोकावली. रक्त काढायच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेऊन. मी रक्ताच्या नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये टाकून मशीन चालू केलं. ते दहा मिनिटं फिरतं.

"आमच्याकडे राहतेस का दीड महिना?" मी विचारलं.

तिने मान हलवली. "नको, मावशीजान. तुम्हाला त्रास."

"अगं, राहा की. खोली रिकामीच आहे."

तिने छातीवर हात ठेवला, जराशी वाकली, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "नको. तुम्ही विचारलंत यातच सगळं आलं."

मी टेबल पुसलं, ते स्वच्छच होतं, पुन्हा पुसलं. ती उठली नाही. माझ्याकडे बघत बसली होती. डोळ्यांत पाणी नाही, विनवणी नाही. मामाच्या दुकानात मागे उभी राहून बघायची ना, तशी. मशीन घुं घुं करत फिरत होतं आणि मी त्याच्याकडे असं टक लावून बघत होते जणू मी बघितलं नाही तर ते थांबेल. माझ्या घशाशी तो प्रश्न आला होता, खोटं कशाला बोलू. तो मी गिळला. दहा मिनिटांनी मशीन थांबलं. तेव्हा ती उठली.

"तुमचे हात कधी दुखू नयेत," ती म्हणाली. त्यांच्याकडे आभार असेच मानतात. मग टाचा जपून टेकवत ती निघून गेली, आणि मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

विमानतळावर मी तिला माझ्या गाडीतून सोडलं. एवढं तर मी केलं, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगते. मामा आला नाही, भट्टी सोडून येता येत नाही म्हणाला. मी तिला डब्यात लाडू दिले होते. आत जायच्या दाराशी तिने पर्समधून तो राखाडी रुमाल काढला, घडी मोडली आणि डोक्यावर बांधला. एका क्षणात ती वयाने मोठी दिसायला लागली.

"शिराझला या, मावशीजान," ती म्हणाली.

"बघू गं," मी म्हटलं.

"बघू नाही, या. संत्र्याच्या झाडांना फुलं येतात तेव्हा या. सगळं गाव वासाने भरतं. आईच्या गच्चीवर तुमची गादी घालते."

"आता या वयात कुठं गं."

तिने माझे दोन्ही हात धरले. "मी खरंच विचारतेय. या."

मी मोजलं होतं. पहिल्या शब्दापासून मी मोजत होते. तिसऱ्याला हो म्हणायचं असतं हे तिनेच मला शिकवलं होतं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. ती थोडी थांबली, हसली, तोंडावर हात धरून, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

अकरा दिवसांनी चिन्मय लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. मी पोळ्या करत होते. "मम्मी, शी गॉट इट," तो म्हणाला. दीड महिना लागणार होता, त्यांनी लवकर केलं होतं. कॉलेजने अभिनंदन लिहिलं होतं, राहायची खोली कुठे आहे तेही लिहिलं होतं, आणि खिडकीतून नदी दिसते असंही. चिन्मय म्हणाला, "मी लगेच फॉरवर्ड करतो." हे मात्र तो मराठीत म्हणाला. मी तव्यावरची पोळी करपेपर्यंत त्याच्या स्क्रीनकडे बघत राहिले.

फॉरवर्ड केलेलं तिने वाचलं नाही. भावाने मामाला कळवलं की तिला तिकडच्या विमानतळावरच बाजूला घेतलं. पुढे बरेच आठवडे ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मग कळलं, चार वर्षं तुरुंग. आईला भेटू देतात, काचेपलीकडून. काचेपलीकडे तिचा चष्मा नव्हता, आईचं तोंड तिला दिसलं की नाही कोण जाणे.

त्यानंतर तिकडे बॉम्ब पडायला लागले. या वेळी बाहेरच्यांचे. क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये टीव्हीवर इमारती कोसळताना दिसत होत्या आणि रिसेप्शनवर चर्चा चालली होती की त्यांच्या किनाऱ्यावरच्या अणुभट्टीला काही झालं तर आपल्या नळाच्या पाण्याचं काय होणार. फार्मसीवाला जमीयातून, म्हणजे सरकारमान्य किराणा भांडारातून, पाण्याचे सहा खोके घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, "आपला ॲटमबॉम्ब बरा वेळेवर परत पाठवला." लोक हसले. मी हसले नाही, पण मी काही बोललेही नाही. ड्यूटी संपल्यावर मीही जाऊन चार खोके आणले.

त्या दिवसांत फोन लागत नव्हते, नंतर लागू लागले, पण भावाकडे सांगण्यासारखं काही नवीन नव्हतं. तुरुंगाच्या आसपास काय पडलं, काय नाही, हे सांगायला कोणी तयार नाही. मी मामाकडून रोट्या घेत राहिले. दुसरीकडे गेले असते तर त्याला कळलं असतं. मी कधी तिचं नाव काढलं नाही, त्यानेही नाही. तो जास्तीची रोटी द्यायचा, मी तिसऱ्यांदा घ्यायचे, आणि मागे उभं राहून बघणारं कोणी नसायचं.

गेल्या आठवड्यात गेले तेव्हा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मामा रोटीच्या कापडी उशीवर पीठ पसरून तंदूरच्या भिंतीला थापत होता. हात न थांबवता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तुम्ही तरी ठेवून घ्यायचं होतं तिला. तुमच्याकडे जागा होती."

"मी विचारलं होतं," मी म्हटलं.

त्याचे हात थांबले. "कितीदा?"

तंदूरसमोर उभं राहिलं की तोंड तापून लाल होतं, त्याचं एक बरं असतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "तीनदा."

मग त्याचे खांदे सैल पडले. "म्हणजे तिलाच जायचं होतं," तो म्हणाला. "आईची ओढ." त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला कळलं, हे वाक्य बोलायला मिळावं म्हणून हा माणूस इतके महिने वाट बघत होता. आता तो ते भावाला सांगेल, भाऊ आईला सांगेल, आणि काचेपलीकडे आई कधीतरी तिला विचारेल की तीनदा विचारलं होतं तर का नाही राहिलीस.

त्याने सळईने एक रोटी ओढून काढली, कागदात गुंडाळली आणि म्हणाला, "ही घ्या, माझ्याकडून."

एकदाच म्हणाला. मी लगेच हात पुढे केला.